खुळखुळा लावायचा, तर भुंग्यासकट

खुळखुळ्याचं फूल म्हणजे एक छोटा सोऱ्या आहे. ही उपमा नाही, त्याची रचनाच तशी आहे. ताजं उमललेलं फूल देठाशी धरा, खालच्या बाजूची होडीसारखी पाकळी अंगठ्याने अलगद खाली दाबा. तिच्या पिळदार चोचीतून परागाची पिवळी, ओलसर, शेवेसारखी बारीक दोरी बाहेर येते. दाब सोडला की आत जाते, पुन्हा दाबलं की आणखी थोडी येते. हे दाबायचं काम निसर्गात भुंगा, म्हणजे लाकूड पोखरणारी मोठी माशी, करतो. हलक्या माशीला ते जमत नाही. म्हणून खुळखुळा लावणाऱ्या नवख्या माणसाने बी पेरण्याआधीच भुंग्याचा विचार करावा. नाहीतर फुलं भरपूर येतात आणि शेंगा मात्र चार-दोनच धरतात.

इथे विचार केला आहे तो घागरी किंवा खुळखुळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रोटॅलेरिया रेटुसा या वर्षायू वनस्पतीचा. ती आपल्याकडची आहे. कोकणात वाळूच्या जमिनीत, रस्त्याकडेला आणि पडीक माळावर ती आपोआप उगवते. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली तिला हे शास्त्रीय नाव दिलं. क्रोटॅलेरिया हे नाव ग्रीक भाषेतल्या खुळखुळ्यावरूनच आलेलं आहे. शेंग वाळली की आतलं बी सुटतं आणि हलवल्यावर वाजतं. ग्रीकांच्या आणि आपल्या कानाला एकच गोष्ट सुचली.

आधी ओळख पक्की करा

खुळखुळा हे नाव गावोगाव चार-पाच वेगळ्या झाडांना देतात. बी गोळा करायला निघण्यापूर्वी पान बघा. घागरीचं पान एकटं, साधं असतं. देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद, आणि टोक गोलसर, बहुतेक वेळा मध्ये किंचित खाचलेलं. नावातलं 'रेटुसा' त्या खाचेवरूनच आहे. झाड दोन ते चार फूट उंच, ताठ. तुरा फांदीच्या शेंड्याला येतो. फुलं पिवळीधमक, आणि मागच्या मोठ्या पाकळीच्या पाठीवर तांबूस-जांभळ्या रेषा. शेंग फुगीर, बिनकेसांची, तीन ते चार सेंटिमीटर लांब. पिकली की काळी पडते.

एका पानात तीन पर्णिका दिसल्या तर ते दुसरंच झाड, बहुधा क्रोटॅलेरिया पॅलिडा. ते मूळचं आफ्रिकेतलं आणि आता आपल्या रस्त्यांकडेला सर्रास दिसतं. पान अरुंद, टोकदार आणि शेंगेवर मखमली लव असेल तर तो ताग, ज्याला काही भागांत बोरू म्हणतात आणि हिरवळीच्या खतासाठी पेरतात. फुलं निळसर-जांभळी आणि खोड कंगोरेदार असेल तर क्रोटॅलेरिया वेरुकोसा. सगळ्यात फसवा म्हणजे क्रोटॅलेरिया स्पेक्टॅबिलिस. पान, फूल, शेंग सगळं घागरीसारखंच. मग फुलाच्या देठाच्या बुडाशी बघायचं. तिथे रुंद छद, म्हणजे फुलाखालचं पानासारखं अंग, असेल तर स्पेक्टॅबिलिस. घागरीचं छद इतकं बारीक असतं की शोधावं लागतं.

सह्याद्रीच्या सड्यांवर आणि पठारांवर फक्त तिथेच सापडणाऱ्या खुळखुळ्याच्या काही जाती आहेत. तिथलं बी आणू नका. रस्त्याकडेच्या घागरीचं बी मुबलक मिळतं आणि ते तुमच्या भागातल्या पावसाला सरावलेलंही असतं.

फुलाचे भाग, कामापुरते

मागची उभी मोठी पाकळी म्हणजे ध्वज. लांबून येणाऱ्या माशीला दिसतो तो हा. बाजूच्या दोन पाकळ्या म्हणजे पंख, माशीची बसायची जागा. पंखांच्या मध्ये दोन पाकळ्या जुळून झालेली नौका, जिचं टोक चोचीसारखं वर वळलेलं आणि पिळलेलं असतं. नौकेच्या आत दहा पुंकेसर आणि एक लांब वाकडा कुक्षीवृंत, म्हणजे ज्याच्या टोकाला पराग झेलणारी कुक्षी असते तो दांडा.

दहा पुंकेसर दोन प्रकारचे असतात आणि सगळी गंमत तिथे आहे. पाच मोठे, लांबट परागकोशांचे. ते कळी उमलण्याआधीच फुटतात आणि सगळा पराग चोचीत भरून ठेवतात. उरलेले पाच लहान परागकोशांचे. त्यांचे तंतू वाढत जातात आणि मागून परागाला रेटतात. मोठ्या परागकोशांनी सोऱ्या भरला, लहानांनी दट्ट्याचं काम केलं. कुक्षीवृंताच्या टोकाजवळ बारीक केस असतात, ते ब्रशसारखे पराग पुढे ढकलतात. भुंगा पंखांवर उतरला की त्याच्या वजनाने नौका खाली जाते, आतला दांडा जिथल्या तिथे राहतो, आणि चोचीतून पराग नेमका भुंग्याच्या पोटाला लागतो. मागोमाग कुक्षीही तिथेच घासते. आधीच्या फुलाचा पराग पोटावर असेल तर तो तिला लागतो.

हे एकदा स्वतः करून बघायचं असेल तर उद्या उमलेल अशी फुगलेली कळी घ्या, नौका सुईने लांबीत चिरा आणि भिंगातून बघा. दहा पटीचं साधं भिंग पुरतं. मोठे परागकोश रिकामे होऊन सुरकुतलेले आणि चोच परागाने ठासून भरलेली दिसेल.

कुक्षीचीही एक अट आहे. तागात ती चांगली अभ्यासली गेली आहे: फुलाचा स्वतःचाच पराग कुक्षीवर पडलेला असला तरी कुक्षीचा पृष्ठभाग घासला गेल्याशिवाय फळधारणा होत नाही. म्हणजे माशी नुसती येऊन उपयोग नाही, तिने रगडायलाही हवं. वारा हे करू शकत नाही.

बी: टणक कवचाचं काय करायचं

नवख्यांचा पहिला घोटाळा इथे होतो. बी पेरलं, पंधरा दिवस पाणी घातलं, शंभरातली दहाच उगवली. बी खराब नसतं. कवच इतकं घट्ट असतं की पाणी आतच शिरत नाही. निसर्गात उन्हाळ्यातली तापलेली माती आणि घासणारी वाळू हे कवच हळूहळू सैल करतात आणि बी दोन-तीन पावसाळ्यांत टप्प्याटप्प्याने उगवतं. तसं ते रुजलं तर झाडाचा फायदाच आहे, कारण एक वर्ष कोरडं गेलं तरी सगळी पिढी मरत नाही. आपल्याला मात्र सगळी एकदम हवी असतात.

तीन पद्धती आहेत, त्यातली पहिली सगळ्यात भरवशाची.

१. काड्यापेटीच्या आत ऐंशी किंवा शंभर नंबरचा पॉलिश पेपर बसवा, वीस-पंचवीस बिया टाका आणि त्याच कागदाचा तुकडा बोटाला गुंडाळून एक-दोन मिनिटं घासा. बियांची चकाकी गेली की थांबा. आतलं पांढरट-पिवळं दिसायला लागलं तर जास्त झालं.

२. थोड्याच बिया असतील तर नेलकटरने कवचाला एक टवका पाडा. बी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं असतं. ज्या बाजूला खाच आहे तिथे अंकुर असतो, ती बाजू सोडून फुगीर पाठीवर टवका पाडायचा.

३. बिया जास्त असतील तर पाणी उकळा, गॅसवरून उतरवून दहा मिनिटं थांबा आणि बियांच्या पाचपट पाणी त्यांच्यावर ओता. तसंच रात्रभर थंड होऊ द्या. उकळत्या पाण्यात टाकलं तर बी शिजतं, आणि ते सकाळी छान फुगलेलंही दिसतं, त्यामुळे चूक कळतच नाही.

पहिल्या दोन पद्धतींनंतरही बी आठ ते बारा तास साध्या पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेल्या बिया पेरायच्या, न फुगलेल्या पुन्हा घासायच्या. फुगलेलं बी साठवता येत नाही, त्याच दिवशी जमिनीत गेलं पाहिजे.

पेरणी आणि वाढ

जूनमध्ये दोन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की पेरा. पहिल्याच सरीला घाई केली आणि मग आठ दिवस पावसाने दडी मारली तर अंकुर वाळतात, आणि घासलेल्या बियांना दुसरी संधी नसते.

जागा उन्हाची हवी, दिवसाला निदान सहा तास. अर्ध्या सावलीत झाड उंच, लवचिक होतं, तुरे तोकडे येतात आणि भुंगेही सावलीतल्या फुलांकडे कमी फिरकतात. जमीन मुरमाड, रेताड, खडकाळ कशीही चालते. फक्त पाणी साचायला नको. काळ्या जमिनीत पेरायचं असेल तर वीतभर उंच वरंबा करा. सपाट काळ्या जमिनीत जुलैच्या झडीत रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात, आणि त्यावर औषध मारून उपयोग नसतो.

दोन मीटर लांब-रुंद तुकडा सुरुवातीला पुरेसा आहे. दीड-दीड फुटावर खड्डे केले तर साधारण वीस झाडं बसतात. एका खड्ड्यात तीन बिया म्हणजे साठ बिया लागल्या. एका शेंगेत पंधरा ते वीस बिया असतात, म्हणजे चार-पाच भरलेल्या शेंगा जमवल्या की काम झालं. बी एक ते दीड सेंटिमीटर खोल टाका. घासलेलं बी ओल्या, उबदार मातीत आठवड्याच्या आत वर येतं. चार पानं आली की खड्ड्यात सगळ्यात जोमदार एक ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं.

रोपवाटिकेतून रोप आणून लावायची सवय असलेल्यांना सांगायला हवं की खुळखुळ्याचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि मुळं दुखावली की झाड रुसतं. कुंडीतच वाढवायचं असेल तर बारा इंची कुंडीत थेट बी टोका, एका कुंडीत दोन झाडं. गच्चीवर हे छान जमतं. पण दोन कुंड्यांनी भागत नाही. भुंगा लांबून येतो, आणि एवढी दगदग करायला त्याला एका जागी पुरेशी फुलं दिसावी लागतात. निदान दहा-बारा झाडं एकाच ठिकाणी, फुटकळ इकडेतिकडे नकोत.

खत घालू नका. शेंगवर्गी झाड आहे, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र त्याला देतात. शेणखत भरपूर घातलं की झाड छातीएवढं होतं, पानं हिरवीगार होतात आणि फुलोरा लांबतो. जमीन अगदीच नवी, भर घातलेली असेल तर जिथे तूर किंवा ताग वाढतो तिथली ओंजळभर माती खड्ड्यांत पसरा, त्यासोबत जिवाणू येतात. पाच-सहा आठवड्यांनी एखादं जादाचं झाड खणून काढा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-तांबडी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ निकामी.

झाड गुडघ्याच्या थोडं खाली आलं, आठ-दहा पानं झाली की शेंडा खुडा. फांद्या फुटतात आणि एका तुऱ्याऐवजी पाच-सहा मिळतात. जास्त तुरे म्हणजे फुलांचा काळ लांबतो, आणि भुंग्यासाठी तेच महत्त्वाचं. पेरणीपासून दोन-अडीच महिन्यांत पहिली फुलं येतात आणि झाडांना हवा मानवली तर दिवाळीनंतरही फुलत राहतात.

भुंग्याची सोय

मराठीत भुंगा म्हणतात तो प्रत्यक्षात मोठी माशीच आहे, एकटी राहणारी, लाकूड पोखरून घर करणारी. झायलोकोपा प्रजातीतल्या या माशांना सुतारमाशी असंही म्हणतात. काळी कुळकुळीत, उन्हात निळसर चमकणारे पंख आणि लांबूनच ऐकू येणारा घूंऽऽ आवाज. काही जातींत मादीच्या छातीवर पिवळी लव असते आणि नर पूर्ण सोनेरी-पिवळसर असतो, त्यामुळे एकाच जातीची जोडी दोन वेगळ्या जातींची वाटते. तोंडासमोर येऊन घिरट्या घालणारा बहुतेक वेळा नर असतो. तो आपल्या हद्दीत कोण आलं ते बघत असतो आणि त्याला नांगी नसते. मादी डंख मारू शकते, पण हातात पकडल्याशिवाय मारत नाही.

तिला दोन गोष्टी हव्या असतात: वाळलेलं लाकूड आणि वर्षभर काही ना काही फूल. लाकडासाठी मनगटाहून जाड, दोन-तीन फूट लांब, मऊ जातीचा वाळका ओंडका पुरतो. पांगारा किंवा शेवगा उत्तम. रंग, तेल, वाळवीचं औषध काही लावलेलं नको. जमिनीपासून तीन-चार फूट उंच, पावसाची झड लागणार नाही असा आडवा बांधा. खाली करवतीचा भुसा पडलेला आणि ओंडक्याच्या तळाला बोट जाईल एवढं गोल भोक दिसलं की भाडेकरू आला म्हणून समजा. घराच्या छपराच्या वाशांत भुंगे शिरतात ही तक्रार नेहमी येते. बाहेर मऊ लाकूड असलं आणि वाशांना रंग असला तर ते सहसा बाहेरचंच निवडतात. फुलांसाठी बागेत तूर, वाल, शेवगा असू द्या.

दुसरी कामाची माशी पानं कापणारी, मेगाकिली. मधमाशीएवढी किंवा थोडी मोठी, पोट चपटं. मधमाशी पराग मागच्या पायांवर नेते, ही पोटाखालच्या दाट केसांत नेते, म्हणून फुलावरून उडताना हिचं पोट खालून पिवळं दिसतं. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांना कडेने अर्धगोल, कंपासने काढल्यासारखे तुकडे कापलेले दिसत असतील तर ती आधीच तुमच्याकडे आहे. लोक हा रोग समजून फवारणी करतात, ते थांबवा. तिच्यासाठी बांबूच्या नळ्या करा: आतला व्यास सहा ते दहा मिलिमीटर, लांबी पंधरा सेंटिमीटर, एका टोकाला पेर बंद. वीस-तीस नळ्यांची जुडी करून तोंडं पूर्वेकडे येतील अशी वळचणीखाली घट्ट बांधा. वाऱ्याने हलणारी जुडी माशी वापरत नाही. नळीच्या तोंडाला बांबूचे धागे राहिले तर तिचे पंख फाटतात, म्हणून पॉलिश पेपर फिरवा. पिल्लं बाहेर पडून गेली की दरवर्षी नळ्या बदला. जुन्या नळ्यांत बुरशी आणि माइट साठतात.

सातेरी, फुलोरी, पोयाची माशी या मधमाश्याही घागरीवर येतात. त्यांना नौका दाबण्याएवढं वजन आणि जोर नसतो. त्या बाजूने, फुलाच्या बुडाशी जीभ घालून मकरंद पितात किंवा चोचीवर आधीच सांडलेला पराग गोळा करतात. मधमाश्यांची पेटी ठेवली की शेंगा वाढतील ही अपेक्षा म्हणून इथे चुकते. तशी कामाची विभागणी इतर रानफुलांतही आहेच. टाकळ्याच्या पिवळ्या फुलात मकरंद नसतो आणि परागकोशाला टोकाशी फक्त छिद्रं असतात, त्यामुळे तिथे माशीला अंग थरथरवून पराग झाडून घ्यावा लागतो. खुळखुळ्याला वजन लागतं, टाकळ्याला थरथर.

बघायचं कसं, मोजायचं कसं

सकाळी आठ ते अकरा हा वेळ चांगला. पाऊस थांबून ऊन पडल्यावरचा पहिला तासही सोडू नये. वीस उमललेल्या फुलांचा एक गट ठरवा, चार-पाच फूट लांब बसा आणि दहा मिनिटं फक्त त्यांच्याकडेच बघा. प्रत्येक भेटीला तीन गोष्टी टिपा: माशी कोणती, ती कुठे उतरली (पंखांवर की बाजूला), आणि नौका खाली गेली का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तरच ते परागीभवन. मोबाइलवर स्लो मोशनने चित्रण केलं तर नौका खाली जाऊन चोचीतून दोरी येते तो क्षण स्पष्ट पकडता येतो. तुमची सावली फुलांवर पडत असेल तर भुंगा येऊन परत जातो, उन्हाकडे पाठ करून बसू नका.

फुलाच्या हिरव्या पेल्याच्या बुडाशी बारीक चीर किंवा भोक दिसलं तर कुणीतरी दाराने न येता मागून मकरंद पळवला आहे. अशी फुलं मोजून ठेवा.

भुंग्याची खरंच किती गरज आहे हे स्वतः तपासायला जाळीदार कापडाच्या, नाडीच्या लहान पिशव्या आणा. लग्नात भेटवस्तूंना वापरतात त्या चालतात. तीन गट करा, प्रत्येकी दहा फुलं, शक्यतो वेगवेगळ्या झाडांवर:

पहिला गट कळीतच पिशवीत बांधा आणि सोडून द्या. दुसरा गटही कळीत बांधा, पण फूल उमलल्यावर पिशवी काढून नौका अंगठ्याने पाच-सहा वेळा दाबा, कुक्षीवर बोट हलकेच घासा, पिशवी पुन्हा बांधा. तिसऱ्या गटाला नुसता रंगीत दोरा बांधून उघडा ठेवा. पाकळ्या गळून गेल्यावर आठवड्याने शेंगा मोजा. पहिल्यात शेंगा नगण्य आणि दुसऱ्या-तिसऱ्यात चांगल्या धरल्या तर तुमच्या बागेत भुंगे पुरेसे आहेत. दुसऱ्यात भरपूर आणि तिसऱ्यात कमी असतील तर फुलात दोष नाही, येणारेच कमी पडताहेत. तिन्हीत नसतील तर झाडाकडे बघा: सावली, साचलेलं पाणी किंवा मावा. पिशवी ओली होऊन फुलाला चिकटली तर तो नमुना बाद धरा, कारण वाऱ्यात ओली पिशवीच नौका दाबत राहते आणि आकडे फसवतात.

अळ्या दिसल्या तर

कळ्यांत आणि कोवळ्या शेंगांत गोल भोकं दिसतात ती बहुधा पी ब्लू या निळ्या फुलपाखराच्या अळीची. मादी कळीवर अंडं घालते, अळी आत शिरून खाते, बाहेर मुंग्या तिच्या अवतीभवती राखण करताना दिसतात. दुसरी अळी काळसर, पांढऱ्या-केशरी ठिपक्यांची आणि तुरळक केसांची, शेंगा फोडून कच्चं बी खाते. ती युटेथिसा पतंगाची. पतंग दिवसाही उडतो, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके. झाडातलं विष तो अळीपणीच अंगात साठवतो आणि त्यामुळे पक्षी, कोळी त्याला टाळतात.

यावर फवारणी नको. जी फवारणी अळीला मारते ती भुंग्यालाही मारते. वीस झाडांतल्या तीन-चार झाडांच्या शेंगा गेल्या तरी बी उरतंच. फारच जास्त झाल्या तर सकाळी हाताने वेचून एका झाडावर हलवा, तेवढं झाड त्यांचं. माव्याला मात्र पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक गोष्ट जरूर करून बघा. खुळखुळ्याची एक पानं-शेंगांसकट फांदी कापा, हाताने चुरगळा आणि कमरेएवढ्या उंचीवर अर्ध्या सावलीत उलटी टांगा. दोन-तीन दिवसांत ती कोमेजली की प्लेन टायगर, ब्लू टायगर, कॉमन क्रो ही फुलपाखरं तिच्यावर येऊन सोंड लावून बसतात. तिथे फूल नसतं, मकरंद नसतो. बहुतेक सगळे नर असतात आणि ते झाडातली अल्कलॉइड ही विषारी द्रव्यं शोषत असतात. त्यातूनच ते मादीला आकर्षित करणारं गंधद्रव्य बनवतात. जिवंत, धडधाकट झाडापेक्षा कोमेजलेल्या फांदीवर त्यांची गर्दी जास्त होते.

विषाबद्दल स्पष्टच

फुलपाखरांना जे हवं असतं ते माणसाला आणि गुराढोरांना घातक आहे. घागरीतलं मुख्य अल्कलॉइड मोनोक्रोटॅलीन, आणि ते यकृत खराब करतं. बियांत प्रमाण सगळ्यात जास्त. लक्षणं लगेच दिसत नाहीत, त्यामुळे कशाने झालं ते कळायला उशीर होतो. १९७५च्या सुमारास आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात गोंदली या भरडधान्यात क्रोटॅलेरियाच्या एका रानटी जातीचं बी मिसळलं गेलं आणि यकृताच्या आजाराची साथच आली, माणसं दगावली.

तेव्हा नियम साधे ठेवा. कापलेली झाडं शेळी-म्हशीपुढे टाकू नका, घोडा तर अजिबात जवळ नको. धान्याच्या, भाजीच्या वाफ्यात लावू नका. लहान मुलांना वाजवायला शेंग देण्याची जुनी रीत आहे, पण तोंडात घालण्याच्या वयात नको. बी काढल्यावर हात धुवा. बरणीवर ठळक अक्षरात 'खुळखुळा, विषारी' लिहा आणि ती स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवू नका. पाककृती म्हणून कुणी काहीही सांगितलं तरी ऐकू नका.

परदेशात राहणाऱ्यांनी हे बी सोबत नेऊ नये. फ्लोरिडात हेच झाड बाहेरून येऊन पसरलेलं तण आहे.

बी काढणं

फूल गळल्यापासून शेंग पिकायला साधारण महिना-दीड महिना लागतो. हिरवी शेंग पिवळट होते, मग तपकिरी, मग काळी. हलवून बघा. वाजली की काढायची. वाजण्याआधी काढली तर बी पूर्ण भरलेलं नसतं आणि वाळताना सुरकुततं. फार थांबलात तर शेंग दुपारच्या उन्हात तडकते आणि बी उडून जातं. सकाळी दव असताना काढलेल्या शेंगा हातात फुटत नाहीत.

कागदी पिशवीत चार-पाच दिवस सावलीत वाळवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. मग पिशवीवर हात फिरवून शेंगा फोडा, सुपात पाखडा. भोक पडलेल्या, चपट्या बिया बाजूला काढा. निवडलेलं बी कोरड्या काचेच्या बरणीत वर्ष आणि ठिकाण लिहून ठेवा. कवच न घासता ठेवलं तर ते बरीच वर्षं टिकतं. घासायचं ते पेरणीच्या आदल्या दिवशीच.

सगळ्या शेंगा काढू नका. एक-दोन झाडं तशीच उभी वाळू द्या. त्यांचं सांडलेलं बी पुढच्या जूनमध्ये थोडं, त्याच्या पुढच्या जूनमध्ये थोडं असं आपोआप उगवत राहतं. बाकीची झाडं बुंध्याशी कापा आणि मुळं जमिनीतच राहू द्या. कापलेला पाला गुरं पोचणार नाहीत अशा कोपऱ्यात कुजवा. जाड, वाळलेली खोडं जुडी करून ओंडक्याशेजारी बांधून ठेवा, त्यांत लहान एकट्या माश्या घर करतात.